नाचणगावातून पाहिलेली विनाशिका

सुरुवातीलाच क्षमा मागते. युद्धनौकेविषयी लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, आणि त्यांपैकी एकदा बराचसा वेळ डोळे मिटून. नोकरीभर मुलांना भूगोल शिकवला तो भिंतीवरच्या नकाशावरून. त्या नकाशात समुद्र निळा आणि सपाट असे, आणि छडीचे टोक टेकवले की हवे ते बंदर सापडे. लिहिण्याचे धाडस सत्तरी उलटल्यावर करते आहे, तेही कोणी आग्रह केला म्हणून नव्हे. या विषयाचे जाणकार हे वाचतील तर त्यांना माझ्या शब्दांत ढिलाई दिसेल, कदाचित चुकाही दिसतील. त्यांनी त्या पदरात घ्याव्यात. मला जे ठाऊक आहे ते एका नौकेच्या साधारण दहा वर्षांच्या सेवेविषयी आहे, आणि तेही वर्धा जिल्ह्यातल्या एका अंगणातून.

नौकेचे नाव लिहीत नाही. आमच्या घरात तिला ‘बोट’ एवढेच म्हणत.

माझे माहेर वर्ध्याचे, वडील सरकारी कचेरीत कारकून. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे माझे लग्न झाले आणि मी नाचणगावला आले. पुलगावला लागूनच हे गाव आहे. सासरची माणसे पिढीजात शेती करणारी. पण सासऱ्यांनी, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, शेती धाकट्या भावावर सोपवून पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरी धरली होती. तोफगोळ्यांच्या पेट्या उतरवणे आणि रचणे हे त्यांचे काम. फाटकापाशी रोज खिसे तपासले जात, काडेपेटी काढून ठेवावी लागे. ती सवय त्यांना इतकी जडली होती की सुटीच्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावायची तरी ते काडेपेटी आत्याबाईंच्या हातून घेत आणि लगेच परत करीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे.

डेपोतला जुना, निकामी झालेला दारूगोळा लांबच्या माळावर नेऊन नष्ट करीत. तो दिवस असला की दुपारभर दबके हादरे येत. फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि घरातले कोणी मानही वर करीत नसे. मी नवी होते. पहिल्या हादऱ्याला माझ्या हातातले सूप पडले.

“घाबरू नोको, पोरी,” मामाजी म्हणाले. “मेलेले गोळे आहेत ते, जाळून राह्यले. जित्ता गोळा आवाज नाई करत. तो झोपला असते. त्याले झोपू द्या लागते.”

हे त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितले होते. मला मात्र त्या दिवसापासून हादऱ्यांपेक्षा मधल्या शांततेची भीती वाटू लागली.

यजमान मॅट्रिकनंतर नागपूरच्या भरतीतून नौदलात गेले होते. इंजिनघरातले कारागीर होते ते. लग्नानंतर वर्षभरातच त्यांना रशियाला पाठवण्यात आले. तिकडच्या गोदीत आपल्या नौदलासाठी एक नवी नौका बांधली जात होती. तिच्यावर चढणाऱ्या माणसांनी आधी तिथली भाषा शिकायची, मग तिची यंत्रे शिकायची, आणि मग ती घेऊन घरी यायचे. यंत्रांच्या तबकड्यांवरची अक्षरे परकी असत. यजमानांनी लिहिले होते की, रात्रपाळीत गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही तबकड्यांखाली कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवतो, आणि माझ्या वाट्याच्या पट्ट्या मी देवनागरीत लिहितो.

पत्रांना क्रमांक घालण्याची पद्धत त्यांनीच लावली. नौदलाच्या टपालातून पत्रे मागेपुढे पोचत, कधी तीन एकदम येत, म्हणून प्रत्येकाच्या माथ्यावर क्रमांक असे. दर जानेवारीत पुन्हा एकपासून सुरुवात. जहाज कुठे आहे हे लिहिण्याची मनाई होती. एखादे बंदर गाठून झाल्यावर, तिथली सदिच्छा भेट संपत आल्यावर मात्र ते चित्र असलेले कार्ड टाकीत. ती कार्डे आत्याबाईंसाठी असत. त्या ती कणकेच्या खळीने देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवीत. मी शाळेतल्या जुन्या नकाशापुस्तकात पेन्सिलीने बारीक टिंबे देत असे. नौकेच्या सेवेची माझी नोंद ती एवढीच.

ऐंशीच्या आसपास तिच्यावर आपला झेंडा चढला. त्या समारंभाचा एक फोटो आला. बर्फाच्या कडेला रांगेत उभी असलेली माणसे, आणि नौकेच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, नारळ वाढवणारा एक अधिकारी. तो नारळ इकडूनच नेलेला होता.

“कोनती बोट आहे म्हणे ते?” आत्याबाईंनी फोटो दूर धरून विचारले. “मानसं नेते, का सामान?”

मराठीत तिला विनाशिका म्हणतात हे मला ठाऊक होते. तो शब्द मी जिभेवर आणला आणि गिळला.

“राखणदारीची बोट आहे, आत्याबाई.”

मामाजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले होते.

नौका कालव्यातून आपल्या समुद्रात आली, मुंबईत थांबली, आणि पुढे विशाखापट्टणम हे तिचे ठाणे झाले. तिथे वर्षातून एकदा खलाशांच्या घरच्यांना नौकेवर घेऊन काही तास समुद्रात नेत. एका वर्षी मी आणि मामाजी गेलो. आत्याबाई आल्या नाहीत; पाय टेकायला जमीन नाही तिथे माणसाने जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

धक्क्यावरून ती पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले ते हे की, हिच्यात राहायला जागा कुठे आहे? सगळीकडे नळ्या, तोफा, शिड्या. मामाजींनी नौकेवर चढायच्या फळीवर पाय ठेवण्याआधी सवयीने दोन्ही खिसे चाचपले आणि आपल्या बोटांनीच स्वतःची झडती घेतली. पुढच्या तोफेपाशी गोळ्यांच्या कोठाराचे बंद झाकण होते. त्यावरची अक्षरे त्यांनी वाकून वाचली आणि ते तिथेच उभे राहिले, बाजारात गावचे माणूस भेटावे तसे.

“अठी खालीच असतीन ते,” हळूच म्हणाले. “आमच्याकडून निंगालेले.”

यजमानांनी मला इंजिनघराच्या दारापर्यंत नेले. कानांत कापूस घालूनही तो आवाज दातांत उतरत होता. तिथे त्यांचा जोडीदार भेटला. ओडिशाच्या किनाऱ्याकडचा, त्यांच्याच तुकडीत भरती झालेला, रशियात त्यांच्याच खोलीत राहिलेला. उघडाबंब, घामाने चकाकणारा, आणि तोंडभर हसणारा.

“भाभीजी, आपके गाँव में चूल्हा होता है ना? ये हमारा चूल्हा है. फर्क इतना है कि इसमें रोटी नहीं बनती, हम बनते हैं.”

“गप रे,” यजमान म्हणाले, मराठीतच. तेवढे मराठी त्याला समजे. सात-आठ वर्षांच्या शेजारात तो ‘गप रे’ आणि ‘चहा टाक’ एवढे शिकला होता, आणि यजमान त्याच्याकडून उडिया शिव्या.

“ये आपका आदमी बहुत डरपोक है, भाभी. कुछ भी करना हो, पहले घर चिठ्ठी लिखता है. मैं क्या करता हूँ? मैं देखता हूँ, ये क्या कर रहा है. वही मैं भी कर देता हूँ. सोचने की मेहनत बच जाती है.”

आम्ही सगळे हसलो. त्यानंतर नौका उघड्या समुद्रात वळली, मला भोवळ आली आणि परतेपर्यंत मी डोळे मिटून एका लोखंडी खांबाला धरून बसले. वर्षानुवर्षे त्या दिवसातले मला फारसे काही आठवत नसे. जोडीदाराचे ‘वही मैं भी कर देता हूँ’ हे वाक्य आठवायला लागले ते नंतर.

पुढची दोनतीन वर्षे नौकेची नेहमीची सेवा चालली. सराव, गस्त, एक मोठी दुरुस्ती. दुरुस्तीसाठी तिला गोदीत घेऊन पाणी काढून टाकले तेव्हा यजमान तळाखालून चालत गेले होते आणि त्यांनी लिहिले होते की, आपण इतकी वर्षे कशावर झोपत होतो हे खालून पाहू नये. मग ती पुन्हा पाण्यात उतरली आणि पूर्वेकडच्या बंदरांच्या सदिच्छा भेटीला निघाली. त्या वर्षीची पत्रे चाळिसापर्यंत पोचली होती. दिवाळी होऊन गेली होती. यजमानांची नौदलातली पहिली मुदत संपायला थोडेच महिने राहिले होते, आणि ते उतरून घरी यावेत असे मला वाटत होते. हे मी कोणापाशी बोलले नव्हते. सुनेने असे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि रीत असती तरी मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

आता एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तरुण वाचकांना ती ठाऊक नसेल. त्या काळी मृत्यूची बातमी पोस्टकार्डाने येई आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही ते हातात पडताक्षणी कळे. असे कार्ड उंबरठ्याच्या आत नेत नसत. अंगणातच कोणाकडून तरी वाचून घेत, फाडून टाकत, आणि डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात पाऊल टाकत.

त्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होते. आत्याबाई अंगणात ओल्या केसांनी बसल्या होत्या. माझे पाय फाटकातच थांबले.

“कोण गेलं, आत्याबाई?”

“कोनी नाई.”

“मग डोक्यावरून पाणी?”

“कोपरा कापेल चिठ्ठी आलती.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “बोटीवरून. त्याच्याच हातची. माह्या पोराचं अक्षर मी वळखत नाई का? इकून पान्याचं चित्र, तिकून त्याचं लिवनं, अन् कोपरा गायब. जित्त्या मानसानं आपल्या हातानं अशी चिठ्ठी धाडा लागते का? सांग मले. तू तं शिकेल आहेस.”

मला सुटल्यासारखे वाटले. “अहो आत्याबाई, तिकीट कापून घेतलं असेल कोणीतरी वाटेत. परदेशी तिकिटं लोक जमवतात. कात्रीने कोपराच उडवला असेल.”

“जमवत असतीन. मले त्याचं काय करा लागते? उंबऱ्याच्या आत नाई येऊ देली मी ते. फाडली अन् फेकली.”

“वाचली कोणी?”

“कोन वाचते? तू शाळेत, तुहे मामाजी डेपोत. अन् वाचून का कराचं होतं?” मग त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटे गार होती. “मामाजीले सांगू नोको. पोराले लिहून पाठवू नोको. बोलून देलं की लागते मांगं. तुले माही शपथ आहे. समजलं का?”

मी मान हलवली. माझ्या आयुष्यातल्या अनेक गोष्टी मी अशाच मान हलवून मान्य केल्या आहेत.

त्या पाणी तापवायला वळल्या तेव्हा मी कुंपणाच्या बोराटीखाली वाकले. पाच तुकडे असावेत. मला चार सापडले. काट्यांतून ते काढताना मनगटावर ओरखडे आले. चित्राकडून एक पूल आणि त्याखाली हिरवट पाणी होते. दुसऱ्या बाजूने, कार्डाच्या मानाने फार बारीक, गच्च लिहिलेला मजकूर. माथ्यावर क्रमांक एकेचाळीस. पत्र मामाजींच्या नावे होते.

त्यातला आवश्यक भाग मला पाठ आहे. पुढच्या पाच वर्षांच्या कागदावर सही मागत आहेत. जोडीदाराचेही तेच आहे. तो म्हणतो, तुझे ठरले की माझे ठरले. बाबा, तुम्ही घरात सर्वांना विचारावे. उतरून घरी यावे असे तुमचे मत असेल तर ‘ये’ एवढीच तार करावी. तार मिळाली नाही तर घरची संमती आहे असे समजून सही करीन. कागद समोर येईल तो

इथे तुकडा संपत होता. कागद कोणत्या दिवशी समोर येणार, हे पाचव्या तुकड्यावर होते.

मी पदवीधर होते. अपशकुन वगैरे गोष्टींवर वर्गात मुलांना समजावून सांगत असे. पण ते चार तुकडे घेऊन मी उंबरठा ओलांडू शकले नाही. शाळेच्या पिशवीत ठेवले, पिशवी अंगणातल्या खुंटीला टांगली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन नकाशांच्या गुंडाळ्यांमागे कपाटात ठेवून दिले.

दोन दिवस मी मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहत काढले. त्यांना सांगायचे म्हणजे आत्याबाईंनी त्यांच्या नावाचे पत्र न वाचता फाडले हे सांगायचे. मामाजी संतापले म्हणजे महिनाभर आत्याबाईंशी बोलत नसत. आणि मला घातलेली शपथ होती. तिसऱ्या दिवशी मला एक तोडगा सुचला. तार मीच करायची. एका अक्षराचा तर शब्द होता.

मधल्या सुटीत मी पुलगावच्या तारघरात गेले. तारेचा फॉर्म घेतला. पत्ता लिहिला. मजकुराच्या चौकटीत ‘ये’ लिहिले. पाठवणाऱ्याचे नाव लिहायच्या जागी हात थांबला. माझे लिहावे, तर सासू-सासरे असताना बायकोने नवऱ्याला नोकरी सोडून बोलावून घेतले असे होईल. मामाजींचे लिहावे, तर ते खोटे.

खिडकीतल्या बाबूंनी मला ओळखले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

“काय हो बाई, तार? घरी सगळं बरं आहे ना?”

“हो, बरं आहे.”

“बरं असताना तार करनारं पहिलंच मानूस पाह्यलं मी.” ते हसले. मागच्या रांगेतले दोघे-तिघेही हसले. “द्या इकडे. कोनाच्या नावानं आहे? तुमच्या सासऱ्याच्या? आत्ताच सकाळी भेटले मले. काही बोल्ले नाई ते. थांबा, संध्याकाळी येतीन तं इचारून घेतो.”

“नको, नको. पत्ता तपासून आणते,” मी म्हणाले, आणि फॉर्मची घडी करून बाहेर पडले. शाळेपर्यंत मी मागे वळून पाहिले नाही. काहीतरी चोरून निघाल्यासारखे वाटत होते.

त्याच दिवशी जेवताना मी धीर केला. मामाजींच्या ताटात भाकरी वाढता वाढता विचारले, “मामाजी, यांची मुदत संपली की हे उतरले तर?”

“उतरून का करन तो अठी?” ते चेष्टेत म्हणाले. “माह्या संगं पेट्या रचन? त्याले तं रशियन भाषा येते. आपल्या बैलाईले शिकवन तो रशियन.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनी घास थांबवला. “त्याच्या मनात काय आहे ते त्यानं इचारावं. इचारन तं सांगीन.”

“आणि विचारलं तर काय सांगाल?”

“आधी त्याले इचारू तं दे.”

चुलीपलीकडून आत्याबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. मी दुसरी भाकरी थापायला घेतली. विचारलेले होते, ते चार तुकड्यांत माझ्या शाळेच्या कपाटात होते, आणि उत्तर द्यायला तयार असलेला माणूस माझ्यासमोर जेवत बसला होता. मधले अंतर फक्त माझ्या तोंडाचे होते.

मी रोज ठरवीत असे की उद्या सांगेन. माळावरचे हादरे त्या आठवड्यात आले नाहीत. भांडी फळीवर निमूट उभी होती.

बेचाळीस क्रमांकाचे पत्र माझ्या नावे आले. एकेचाळिसावे कार्ड पोचले असेलच, असे त्यात होते. “घरून तार आली नाही. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि सही केली. माझ्यामागून त्याच पेनाने त्यानेही केली. तुम्हा सर्वांच्या मनात हेच होते, हे एका परीने बरे झाले.”

मी मामाजींना पत्र वाचून दाखवले नाही. सही झाली, एवढेच सांगितले. ते अंगणात बाजेवर बसले होते.

“मले इचारलं असतं तं ‘ये’ म्हनलं असतं मी,” ते म्हणाले. “नाई इचारलं त्यानं. मोठा झाला आता.”

त्यानंतर ते बोटीविषयी चौकशी करीनासे झाले. कार्डे आली की उलटून न पाहता आत्याबाईंकडे देत. मुलाने आपल्याला विचारले नाही, हा सल त्यांनी बोलून दाखवला नाही. मुलानेही, बापाने उत्तर दिले नाही याविषयी कधी लिहिले नाही. दोन्हीकडचे मौन मला माहीत होते, आणि दोन्हीकडे मीच नमस्कार कळवीत होते.

नौकेच्या त्या पुढच्या दोन वर्षांविषयी मी कमी जाणते. पत्रे आखूड झाली. नौका पुष्कळ वेळा अचानक निघत असे, कुठे ते कळत नसे. नकाशापुस्तकात टिंबे देणे मी सोडून दिले.

मग एका उन्हाळ्यात सहा आठवडे पत्रच आले नाही. सातव्या आठवड्यात यजमान स्वतः आले, न कळवता, भर दुपारी. डोक्यावरचे केस बारीक कापलेले होते आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. इंजिनघरात आग लागली होती. पाळी जोडीदाराची होती. यजमान बाहेरून आत शिरणाऱ्यांपैकी एक होते. त्यांनी त्याला बाहेर काढले, पण उपयोग झाला नाही. चौकशी झाली, तिच्यात काय निघाले ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि ते सांगण्याची त्यांना मुभा होती असेही मला वाटत नाही.

मामाजी डेपोत होते. मी आणि आत्याबाई यजमानांसमोर बसलो होतो. तेवढ्यात माळावर पहिला हादरा झाला. भांडी किणकिणली. लहानपणापासून ते आवाज ऐकत वाढलेला हा माणूस उठून उभा राहिला, भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात टेकून तसाच थांबला. ती गरम आहे का, म्हणजे पलीकडे आग आहे का, हे ते पाहत होते.

खाली बसल्यावर म्हणाले, “त्या वेळी तुमची तार आली असती तर दोघेही उतरलो असतो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसा तो सूरही नव्हता. जे आहे ते त्यांनी सांगितले.

“मी तं तवाच—” आत्याबाई बोलायला लागल्या आणि माझ्याकडे पाहून थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितले असेल तर ते त्या क्षणी, न बोलता. मी उठून पाणी आणायला आत गेले.

रात्री, नंतरच्या सुट्ट्यांत, नंतरच्या वर्षांत सांगता आले असते. आत्याबाईंनी एकदाच तो विषय काढला, आम्ही दोघीच धान्य निवडत असताना. “ते चिठ्ठी त्या उडिया पोराची होती,” म्हणाल्या. “आपल्या दारी चुकून आलती. मी नसती फाडली तं आपल्याच घरात राह्यली असती.” त्यांना पश्चात्ताप नव्हता, असेल तर या समजुतीच्या खाली त्यांनी तो गाडून टाकला होता. मी पुन्हा मान हलवली.

यजमानांची पाच वर्षे पुरी झाली तेव्हा मी त्यांना आणायला गेले. समुद्र दुसऱ्यांदा पाहिला तो तेव्हा. नौका धक्क्याला नव्हती. कुठेतरी बाहेर होती. त्यांनी रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवून ती कुठे उभी असते ते मला दाखवले. मामाजी त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मुलाने विचारले नाही, असे समजून गेले.

नौका त्यानंतरही खूप वर्षे सेवेत राहिली. तिच्यावर नवी शस्त्रे चढली, नवी माणसे चढली, आणि आता ती निवृत्त झाल्याचे यजमानांनीच वर्तमानपत्रातून मला वाचून दाखवले. त्यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, डाव्याने थोडे. ओडिशातल्या त्या घरी ते दर वर्षी एक पत्र लिहितात. त्यावर अजूनही क्रमांक घालतात. आत्याबाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. शपथ कोणी घातली होती हे विचारणारे कोणी उरले नाही, आणि ती मोडली तर दुखावणारेही कोणी नाही, एक यजमान सोडून.

शाळा सोडताना कपाट रिकामे करायला सांगितले, तेव्हा मी ते चार तुकडे काढून आणले. घरात आणले. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. जोडीदार गेला तो आपल्या घरच्यांच्या संमतीमुळे, असे यजमान समजून आहेत, आणि त्या समजुतीत त्यांनी कोणालाही दोष दिलेला नाही. तुकडे पाहिले तर त्यांना कळेल की बापाने ‘ये’ म्हटले असते. आणि हेही कळेल की मला ते माहीत होते, दिवस हाती होते, फॉर्म भरलेला होता, आणि मी खिडकीपासून परत फिरले. पहिल्या गोष्टीने त्यांना किती समाधान मिळेल आणि दुसरीने माझ्याविषयी काय उरेल, याचा अंदाज मला करता येत नाही.

मी हे लिहीत असताना ते बाहेर अंगणात बसले आहेत. तुम्ही माझ्या जागी असता, तर ते तुकडे आता त्यांच्या हातात दिले असते का?